आजी येऊन राहिल्या

अकोल्यात मी कोणाला सांगितलं की बावीस वर्षं जहाजावर नोकरी केली, तर ऐकणारा आधी मला वरपासून खालपर्यंत पाहतो आणि मग विचारतो, "कायच्या जहाजावर बे?" त्याचंही चूक नाही. आमच्या मोर्णा नदीत उन्हाळ्यात म्हैस उतरली तर तिची पाठ कोरडीच राहते. अशा गावचा माणूस समुद्रावर गेलाच कसा, हे कोणालाही वाटणारच. दुसरा प्रश्नही ठरलेला, "पोहता तरी येते का?" येते. पातूरला आमच्या घरामागच्या विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. बावीस वर्षांत त्या पोहण्याची एकदाही गरज पडली नाही, आणि पडली असती तर ते पुरलंही नसतं.

तू तिथे करत काय होतास, हे मात्र कोणी विचारत नाही. लोक आपलं आपणच ठरवून टाकतात. माझ्या सासुरवाडीला, अचलपुरात, मी कप्तान आहे अशी बोलवा होती. मीही ती खोडली नाही. आता निवृत्त झालो, जावई म्हणून मिळायचा तेवढा मान मिळून झाला, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मी जहाजाच्या दारावरचा माणूस होतो. त्या दाराला गँगवे म्हणतात. कोण उतरलं, कोण चढलं, हातात काय घेऊन चढलं, एवढं पाहायचं. माझे वडील अकोला-वाशीम एसटीवर कंडक्टर होते. त्यांनी जन्मभर माणसं मोजली, मीही तेच केलं. त्यांच्या गाडीत एखादं माणूस जास्त निघालं तर भानगड व्हायची, माझ्या जहाजात एखादं कमी निघालं तर.

असं एक माणूस एकदा कमी निघालं, तेही माझ्यामुळे, आणि त्यापायी माझ्या जोडीदाराची नोकरी जायची वेळ आली. कारण काय, तर आमच्या वऱ्हाडी बोलण्यातले दोन शब्द. तेच सांगायला बसलो आहे.

आधी धंद्याची थोडी माहिती, म्हणजे पुढचं समजेल. क्रूझचं जहाज म्हणजे पाण्यावरचं चौदा मजली हॉटेल. पाहुणे तीन हजार, नोकरमाणसं हजारावर. रोज सकाळी नवं बंदर, संध्याकाळी तिथून निघायचं. मोठ्या बंदरात जहाज धक्क्याला लागतं आणि लोक चालत उतरतात. पण युरोपात काही जुनी चिमुकली गावं आहेत, पाण्याच्या काठाला दगडी तट, आत अरुंद गल्ल्या, वर लाल कौलं. तिथला धक्का आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडएवढा. तिथे आमचं धूड लागणार कुठून? मग जहाज लांब समुद्रात नांगर टाकून उभं करायचं आणि त्याच्या अंगावरच्या बोटी खाली सोडून लोकांना काठावर न्यायचं. दिवसभर त्या बोटींच्या खेपा चालतात, आणि शेवटची बोट जहाज सुटायच्या अर्धा तास आधी काठ सोडते.

प्रत्येक पाहुण्याजवळ आणि नोकरमाणसाजवळ एक कार्ड असतं. उतरताना ते यंत्रावर धरायचं, टिंग. परत आल्यावर पुन्हा टिंग. ज्याचं दुसरं टिंग वाजलं नाही त्याचं नाव यंत्रावर दिसत राहतं. संध्याकाळी ती यादी रिकामी झाली की दारावरचा माणूस वर कप्तानाला कळवतो, "सगळे आले." मग नांगर उचलतात. या दोन शब्दांवर चौदा मजले हलतात, म्हणून ते खोटे ठरले तर जहाजावर त्याहून मोठा गुन्हा नाही.

मी ज्या गावाची गोष्ट सांगतोय त्याचं नाव लिहीत नाही. तिथले लोक आमच्या जहाजांना आधीच कंटाळले आहेत, त्यात आणखी पाहुणे कशाला धाडू? तिथले तट आणि दरवाजे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला अचलपूरचा परकोट आठवला होता. गावात माणसं असतील दोन हजार, आणि आम्ही सकाळी नऊला तीन हजार आणून सोडणार. तुमच्या दारात एवढे पाहुणे आठवड्यातून चारदा आले तर तुम्ही तरी चहा विचाराल का? कोणी बसू नये म्हणून बायका दारापुढच्या पायऱ्यांवर फुलांच्या कुंड्या मांडून ठेवत. धक्क्याच्या टोकाला एक कोळी जाळं दुरुस्त करत बसलेला असे. आमच्या बोटींच्या लाटांनी त्याची होडी हिंदकळली की तो थेट माझ्या नावानं ओरडे. त्याच्या भाषेतल्या शिव्या मला पाठ झाल्या. बाकी एक शब्द येत नाही.

आणि आमची गिऱ्हाइकं! एका साहेबांच्या पिशवीत तटाचा दगड निघाला. म्हणाले, "एवढे दगड आहेत, एक गेला तर काय होतं?" मी म्हटलं, "साहेब, आज तीन हजार लोक उतरलेत." त्यांनी जरा विचार केला आणि पुढच्या बोटीनं जाऊन दगड होता तिथे ठेवून आले. एका बाईंच्या पर्समध्ये कोणाच्या तरी दरवाजाची लोखंडी कडी निघाली, सिंहाच्या तोंडाची. म्हणाल्या, "मी फक्त वाजवून पाहत होते, ती हातातच आली." एक नवरा एकटाच परत आला. विचारलं, मिसेस कुठे आहेत? म्हणाला, "येईल मागून." बाईसाहेब दोन बोटी आधीच येऊन निवांत जेवत होत्या, आणि त्यांनीही नवऱ्याची चौकशी केली नव्हती. अशांना मोजण्यात माझी बावीस वर्षं गेली, आणि खोटं कायले सांगू, मजेत गेली.

आता माझा जोडीदार. हा सावंत, मालवणचा. घराण्यात सगळे दर्यावर्दी. मला तो 'कोरडवाहू खलाशी' म्हणायचा. आम्ही दोघं एका खोलीत, तो वरच्या बिछान्यावर, मी खालच्या. कामही जोडीचं. बोटींच्या खेपा असल्या की तो जहाजाच्या दारावर, मी काठावर, आणि मध्ये रेडिओ. त्याच्याशी ओळख झाली त्याच आठवड्यात माझी फजिती झाली. आम्हा नोकरमाणसांच्या खानावळीत एकदा वांग्याची भाजी होती. सावंत ताट वाढून आणायला उठला, तसं मी म्हटलं, "माझ्या भाजीवर थोडा सांबार टाकून आण." आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हे वऱ्हाडात पोराटोरालाही माहीत आहे. सावंतनं काय करावं? इडलीसोबतचं ते सांबार, वाटीभर, माझ्या वांग्यावर ओतून आणलं. वर म्हणतो, "तूच मागितलंस ना? कसली रे तुझी आवड!" सगळी खानावळ हसली. "मेल्या, तुमच्याकडे मराठी बोलतात की आणखी काही?" असं त्यानं विचारलं ते मला लागलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलू लागलो. "मी अंघोळीला जात आहे." "तू जेवण केलेस काय?" माझ्या आईनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, पोराले ताप आला.

तर त्या वर्षी आमचा सुपरवायझर घरी परतणार होता आणि त्याच्या जागेसाठी दोघांची नावं वर गेली होती, सावंतचं आणि माझं. मला ती जागा फार हवी होती.

त्या फेरीत अमरावतीचे एक प्राध्यापक, त्यांची बायको आणि त्यांची आई असे तिघं पाहुणे होते. आजी सत्तरीच्या पुढच्या, चांदूर बाजारकडच्या, गावात शेती. जहाजावर चढताना कार्डाचं टिंग वाजलं तशा त्या मुलाला म्हणाल्या, "हे कायचं टिंगटिंग करून राहिलं रे?" मी दारावर उभा. जगाच्या त्या टोकाला ते 'करून राहिलं' ऐकून मला इतका आनंद झाला की इंग्रजीतलं स्वागत विसरलो आणि म्हणालो, "आजी, तुमी कुठच्या?"

"तू कोनाचा?" आजींनी उलट विचारलं.

"पातूरच्या वानखड्यांचा."

"मंग सांग नं आधी. पातूरले माही मावसबहीन दिली हाये." आणि मागे दोनशे माणसं खोळंबलेली असताना त्यांनी माझ्या घरची सगळी चौकशी केली.

त्या गावी उतरलो तेव्हा प्राध्यापक आणि त्यांची बायको बसनं डोंगरावरचा किल्ला पाहायला निघाले. आजींचे गुडघे दुखत होते. त्या धक्क्यावरच्या बाकावर बसल्या. प्राध्यापक मला म्हणाले, "वानखडेभाऊ, आईकडे जरा लक्ष असू द्या."

"बिनधास्त जा," मी म्हटलं. हे शब्द माझेच, दुसऱ्या कोणाचे नाहीत.

दुपारनंतर परतणाऱ्यांची रांग लागली. कोणाचं कार्ड हरवलं, कोणाची टोपी पाण्यात पडली, त्या गडबडीत मी पाहतो तर बाक रिकामा. मला वाटलं, मुलगा येऊन घेऊन गेला. तिकडे मुलगा आला, त्यानं रिकामा बाक पाहिला, त्याला वाटलं, वानखडेभाऊंनी आधीच्या बोटीनं पाठवलं. तो निवांत जहाजावर गेला. जहाज सहाला सुटणार, शेवटची बोट साडेपाचला. पाच वाजून वीस मिनिटांनी रेडिओवर सावंतचा आवाज आला, इंग्रजीत, कारण रेडिओवर इंग्रजीच बोलायचं असा कडक नियम, "एक पाहुणी अजून काठावर आहे." खोलीचा नंबर आजींचा.

पळालो. दरवाजातून आत, पहिली गल्ली, दुसरी गल्ली, चर्चचा चौक. तिसऱ्या गल्लीत एका घराच्या पायरीवरच्या कुंड्या बाजूला सारलेल्या, आणि तिथे आजी बसलेल्या. शेजारी त्या घरची म्हातारी. दोघींच्या मध्ये मोठं घमेलं, त्यात हिरव्या शेंगा, आणि दोघी शेंगा सोलताहेत. एक वऱ्हाडीत बोलतेय, दुसरी तिच्या भाषेत, आणि दोघी माना डोलावताहेत.

"आजी, चला! जहाज सुटून राहिलं!"

"एवढ्या शेंगा होऊ दे," आजी म्हणाल्या. "बिचारी एकलीच सोलून राहिली होती. अर्धं काम टाकून उठते का कोनी?"

मी हात जोडले, पाया पडलो, तेव्हा कुठे त्या उठल्या. गुडघ्यांमुळे चाल हळू. मी रेडिओ उचलला, आणि इथेच माझा खरा गुन्हा घडला. इंग्रजीत बोललो असतो तर ते वर सगळ्यांना समजलं असतं. माझ्या भरवशावर सोडलेली म्हातारी माझ्याच हातून हरवली होती, हे सुपरवायझरला कळलं असतं, मग ती जागा कुठली मिळते? म्हणून मी मराठीत बोललो. आणि घाई अशी, की पुस्तकातली मराठी विसरून गेलो.

"सावंत, आजी येऊन राहिल्या. मी बी येऊन राहिलो. कोनाले सांगू नको!"

तेवढं बोललो आणि दिवसभर चाललेल्या रेडिओची बॅटरी संपली. फोन ड्यूटीवर जवळ ठेवायची परवानगी नव्हती.

आता ज्यांना वऱ्हाडी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'येऊन राहिलो' म्हणजे आम्ही येतो आहोत, वाटेवर आहोत. पण मालवणच्या माणसानं काय समजावं? आजी आल्या आणि राहिल्या. वानखडेही आला आणि राहिला. त्याच वेळी एक भरलेली बोट जहाजाला लागली होती आणि दारात गर्दी होती. सावंतला वाटलं, दोघं त्या गर्दीतून आत गेले, आजींचं कार्ड वाजलं नाही, आणि वानखडे ते बोभाटा न करता मिटवायला सांगतोय. 'कोनाले सांगू नको', हेही मीच म्हटलेलं. मित्राचा शब्द म्हणून त्यानं आपल्या हातानं यंत्रावर दोन्ही नावं आत घेतली. यादी रिकामी झाली. वर कळवलं, "सगळे आले." वरून शेवटच्या बोटीला हुकूम गेला, परत या.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट अर्ध्या वाटेवर होती. मी टोपी हलवली, बोंब मारली. समुद्रावर कोण ऐकतंय? पलीकडे नांगराची साखळी वर चाललेली दिसत होती.

"गेली का आपली एस्टी?" आजींनी विचारलं.

"गेली."

"मंग दुसरी कवा हाये?"

मला रडू यायचंच बाकी होतं. आजींच्या शुगरच्या गोळ्या खोलीत, मुलगा जहाजावर, आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर. पण ती शेंगावाली म्हातारी आमच्या मागोमाग आली होती. जाणाऱ्या बोटीकडे तिनं पाहिलं, आजींकडे पाहिलं आणि धक्क्याच्या टोकाकडे तोंड करून एक हाक मारली. तिथून कोण उठलं? तोच कोळी, मला दर फेरीला शिव्या देणारा! तो तिचा भाचा की पुतण्या, कोणीतरी नात्यातला निघाला. तिनं त्याला काय सांगितलं कोणास ठाऊक. तो माझ्याकडे पाहून आधी पोटभर हसला. मग आजींना हात देऊन होडीत बसवलं आणि मला मानेनंच खुणावलं, ये.

त्याच्या होडीवर रेडिओ होता, जहाजाशी बोलता येईल असा. मी जहाजाला हाक दिली आणि इंग्रजीत सांगितलं, मी वानखडे, एक पाहुणी आणि मी मागे राहिलोय.

वरच्या अधिकाऱ्यानं शांतपणे उत्तर दिलं, "वानखडे जहाजावर आहे."

"साहेब, मीच वानखडे."

"आमच्या यादीप्रमाणे वानखडे जहाजावर आहे. आपण कोण?"

घ्या! मी जहाजावर नाही हे जहाजाला पटवायची पाळी आली. मी माझा नंबर सांगितला, खोली सांगितली, माझ्या बिछान्याच्या वर कोण झोपतो ते सांगितलं. तेव्हा त्यांनी सावंतला वर बोलावलं. त्यानं रेडिओ हातात घेतला.

"वानखडे, तू आहेस कुठे?"

"होडीत!"

"अरे, तू तर म्हणालास, येऊन राहिलो!"

"मंग येऊनच राहिलो ना बे!"

"येऊन राहिलास तर दिसत कसा नाहीस?"

"अबे, येऊन राहिलो म्हणजे येऊन राहिलो! आलो कुठी अजून?"

त्या टापूतल्या झाडून सगळ्या जहाजांनी हे भांडण ऐकलं असेल. आजी शेजारी बसून म्हणाल्या, "बरोबर तं सांगून राहिला हा. त्याले काहून समजत नाही?"

जहाज थांबलं. पाण्यालगतचं बाजूचं दार उघडलं, सावंत तिथे धावत आला आणि फळी खाली आली. होडीतून त्या फळीवर पाय टाकणं हेच खरं कसब. लाटेबरोबर होडी वर येते तेव्हाच पाय टाकायचा, खाली जाताना टाकला तर मधल्या फटीत. मी आजींना सांगितलं, मी 'आता' म्हणेन तेव्हा. पण आजींनी माझ्या 'आता'ची वाट पाहिली नाही, आपल्या मनानं पाऊल टाकलं. पाय सटकला. मी खालून दंड धरला, वरून सावंतनं हात ओढला, आणि आजी वर उभ्या. लुगडं नीट करत म्हणाल्या, "चालू एस्टीत चढून जन्म गेला माहा." खाली कोळ्यानं टाळ्या वाजवल्या. सावंत मात्र हसला नाही. 'सगळे आले' हे त्याच्या तोंडचं खोटं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानासमोर दोघांची पेशी झाली. कप्तान ग्रीक, मोठ्या मिशांचा, आवाज कधी न चढवणारा. त्यानं सावंतला विचारलं, "न आलेली दोन माणसं आलेली कशी दाखवलीस?" सावंत म्हणाला, "सर, त्याच्या बोलण्याचा अर्थ मी वेगळा समजलो." कप्तान म्हणाला, "तुमची दोघांची भाषा एकच ना?" "हो सर." "मग वेगळा अर्थ कसा झाला?" यावर सावंतनं जे काय सांगितलं ते कप्तानाला साफ थाप वाटली. तो म्हणाला, पटेल असं काही सांगता आलं नाही तर परवाच्या बंदरात तुला उतरवतो आणि विमानानं घरी धाडतो. मग दुसरा प्रश्न. "रेडिओवर इंग्रजीचा नियम आहे. तुमच्या भाषेत बोलायला सुरुवात कोणी केली?"

सावंतनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली. बोलला काही नाही. मीही बोललो नाही. आता लाज वाटते, पण तेव्हा माझ्या डोक्यात ती सुपरवायझरची जागाच होती. चूक ऐकणाऱ्याची आहे, मी तर बरोबर बोललो होतो, असं मी स्वतःला समजावत उभा होतो.

तेवढ्यात दार वाजलं आणि आजी आत. खोली साफ करणाऱ्या पोरीकडून त्यांना हातवाऱ्यांनी कळलं होतं, की कोणाला तरी घरी धाडताहेत. मुलाला न सांगताच आल्या होत्या. कप्तान उठून उभा राहिला, खुर्ची दिली, बिस्किटं मागवली. मला म्हणाला, तू गप्प राहा. सावंतला म्हणाला, तू भाषांतर कर, एक भाषा आहे म्हणतोस ना? "बाईंना विचार, काल काही त्रास तर झाला नाही?"

सावंतनं विचारलं. आजी म्हणाल्या, "काही नाही बापा. चढताना तेवढी मी पडून राहिली होती, या दोघानं धरलं."

म्हणजे काय, तर पडतच होते, यांनी सावरलं. पण सावंत पडला मालवणचा. 'येऊन राहिलो' मी त्याला आदल्या संध्याकाळी शिकवलं होतं. 'पडून राहणं' त्यांच्याकडेही आहे, आणि तिथे ते आडवं पडलेल्या माणसाचं असतं. त्यानं इमानदारीत सांगितलं, "सर, त्या म्हणतात, चढताना त्या पडल्या आणि तशाच पडून होत्या."

कप्तानाचा चेहरा पांढरा झाला. त्यानं फोन उचलला. दोन मिनिटांत डॉक्टर, दोन नर्सा, स्ट्रेचर आणि ऑक्सिजनचं नळकांडं दारात. आजी हातातलं बिस्किट तसंच धरून म्हणाल्या, "अवो माय! कोन पडलं?"

मला राहवलं नाही. मी कप्तानाला सांगितलं, सर, त्या पडल्या नाहीत, पडत होत्या. त्यांच्या आणि माझ्या बोलण्यात तसं म्हणतात. सावंतच्या बोलण्यात म्हणत नाहीत. कप्तानानं आजींकडे पाहिलं, स्ट्रेचरकडे पाहिलं, सावंतकडे पाहिलं, आणि मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. तो इतका हसला की डॉक्टरही काही न समजता हसू लागला. "म्हणजे काल हेच झालं," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा झालं." डॉक्टर स्ट्रेचर घेऊन गेला. 

पण कप्तान शेवटी कप्तान. हसणं संपलं तसा तो परत खुर्चीत बसला. "घरी कोणी जाणार नाही. पण नियम मोडणाऱ्याचं नाव मला लिहावं लागेल. सुरुवात कोणी केली?"

आजींनी मला विचारलं, "हा आता काय विचारून राहिला?"

मी हळू आवाजात सांगितलं, रेडिओवर मराठी कोण बोललं ते.

"तूच तं बोलला! माह्यासमोर बोलला, त्या शेंगावालीच्या दारात." आजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मंग तू काहून गप्प बसून राहिला?"

एवढ्या सगळ्या घोळात हे एकच वाक्य असं निघालं, की ज्याचा अर्थ पातुरात आणि मालवणात अगदी सारखा होतो. सावंतला ते चांगलंच समजलं. कप्तानानं त्याला विचारलं, "काय म्हणाल्या?"

सावंतनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "काही नाही, सर. गुडघे दुखताहेत म्हणाल्या."

मी म्हटलं, "सर, सावंतनं चुकीचं भाषांतर केलं. या वेळी मुद्दाम." आणि मग सगळंच सांगून टाकलं, बाकापासून ते 'कोनाले सांगू नको'पर्यंत.

कप्तानानं माझं नाव लिहिलं. सुपरवायझरची जागा सावंतला मिळाली आणि पुढची सहा वर्षं मी त्याच्या हाताखाली काढली. माणूस म्हणून लाखात एक, साहेब म्हणून कटकट्या, रोज माझ्या बुटांच्या पॉलिशवरून बोलायचा. पण त्या जागेवर त्याचाच हक्क होता. खोटं बोलला तेही तो दुसऱ्यासाठी बोलला. आणि मी खरं बोललो, पण ते एका म्हातारीनं भर कप्तानासमोर कान धरल्यावर.